मागवलेल्या भागांतून इलेक्ट्रिक गिटार: पहिलं भोक पाडण्याआधी

तारांखाली पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक-गुंडाळीचं यंत्र, लावून वाजवायचं कोकणाला नवीन नाही. वरात असो की गणपतीचं विसर्जन, बेंजो पार्टी लागतेच. टाइपरायटरसारख्या कळा, स्टीलच्या तारा, तारांखाली पिकअप आणि तिथून वायर थेट अॅम्प्लिफायरला. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं निम्मं तंत्र आमच्या वाडीतल्या पोरांना आधीपासून येतं, त्याला कोणी तंत्र म्हणत नाही इतकंच. मला सोल्डरिंग शिकवलं तेही एका बेंजोवाल्याने, देवळाच्या मागे, लाईट गेलेली असताना, मोबाईलच्या उजेडात.

मी आतापर्यंत दोन गिटारी जोडल्या. पहिली बिघडवली, मग सुधारली. दुसरी सरळ झाली. दोन्ही सिंधुदुर्गात, घरच्या पडवीत. बॉडी आणि नेक, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, तयार मागवायची, बाकीचे भाग वेगवेगळे मागवायचे, मग भोकं पाडणं, रंग, वायरिंग आणि सेटअप घरी करायचं, या पद्धतीबद्दल इथे लिहितोय. लाकूड कापून बॉडी कोरायची असेल तर ती पुढची पायरी आहे, पहिल्याच खेपेला तिकडे जाऊ नका.

आणि स्वस्त पडेल म्हणून तर हे अजिबात करू नका. भाग, हत्यारं, कुरियर आणि चुकून वाया गेलेल्या वस्तू धरल्या, तर दुकानातली बऱ्यापैकी गिटार तेवढ्यातच येते. करायचं ते दोन कारणांसाठी. एक, तुम्हाला हवा तो नेक आणि हवे ते पिकअप मिळतात. दुसरं कारण आमच्या भागाला जास्त लागू आहे. इथून गिटार दुरुस्तीला न्यायची तर घाट चढा किंवा गोवा गाठा. स्वतः जोडलेली गिटार स्वतःला उघडता येते.

कोणती गिटार जोडायची

पहिल्या वेळी टेलिकास्टर पद्धतीची. डोळे मिटून. सपाट बॉडी, न हलणारा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), दोन पिकअप, दोन पॉट (आवाज आणि टोन फिरवायचे), एक स्विच आणि चार स्क्रूंनी बसणारा नेक. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५० मध्ये हे डिझाइन बाजारात आणलं, तेव्हा त्याचं नाव ब्रॉडकास्टर होतं. टेलिकास्टर हे नाव १९५१ मध्ये आलं. नेक चिकटवायचा नाही, स्क्रूने कसायचा, खराब झाला तर काढून दुसरा लावायचा, हा विचार वादकापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याचा जास्त आहे. म्हणूनच ही गिटार सुट्या भागांतून जोडायला इतकी सोपी जाते.

ट्रेमोलोवाली, म्हणजे दांड्याने ब्रिज हलवून सूर डोलवता येतो ती स्ट्रॅटोकास्टर दिसायला देखणी, पण पहिल्याच वेळी स्प्रिंगा, तरंगता ब्रिज आणि ट्यूनिंग या तिघांशी एकदम भांडावं लागतं. नंतर करा.

मापं जुळतात का, हे आधी

नवशिका सगळ्यात चांगला पिकअप कोणता हे शोधत आठवडे घालवतो. गिटार मात्र चांगल्या भागांनी होत नाही, एकमेकांत बसणाऱ्या भागांनी होते. मागवण्याआधी वहीत एक पान करा आणि विक्रेत्याने दिलेलं प्रत्येक माप त्यात उतरवून घ्या. माप दिलेलं नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर तिथून घेऊ नका.

सगळ्यात आधी स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या चाव्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) तारेची वाजणारी लांबी. फेंडर पद्धतीची ६४८ मिमी, गिब्सन पद्धतीची साधारण ६२८ मिमी. एका जातीची नेक आणि दुसऱ्या जातीच्या मापाने ब्रिजची भोकं पाडलेली बॉडी घेतलीत, तर ती गिटार जन्मभर सुरात लागणार नाही. त्यानंतर नेकचं बूड आणि बॉडीतला खळगा. फेंडर पद्धतीत बुडाशी रुंदी सुमारे ५६ मिमी आणि खळग्याची खोली सुमारे १६ मिमी असते. इथे एक फसवं वळण आहे. टेलिकास्टरच्या नेकचं बूड सरळ कापलेलं असतं आणि स्ट्रॅटोकास्टरचं गोलसर. रुंदी तीच, स्केल तोच, म्हणून ‘बसेल’ असं वाटतं. गोल बूड चौकोनी खळग्यात बसतं खरं, पण कोपऱ्यांत फटी राहतात. चौकोनी बूड गोल खळग्यात बसतच नाही.

ब्रिजवरच्या तारांचं अंतर पाहा. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत टेलिकास्टर ब्रिजला बहुधा ५४ मिमी असतं, इतर ब्रिजमध्ये ५२.५ मिमीही सापडतं. काही ब्रिजमध्ये तारा बॉडीच्या मागून आरपार येतात, काहींमध्ये ब्रिजच्याच मागच्या कडेतून. आरपार तारांसाठी सहा भोकं एका रेषेत, ४५ मिमी लाकडातून सरळ पाडावी लागतात. हातातल्या ड्रिलने ती मागच्या बाजूला दारू प्यायल्यासारखी बाहेर पडतात. बॉडीला ती आधीच पाडलेली नसतील तर कडेतून तार जाणारा ब्रिज घ्या.

ट्यूनर, म्हणजे चाव्या. आधुनिक बंद ट्यूनरला १० मिमीचं भोक लागतं, जुन्या घाटाच्या ट्यूनरला पावणेनऊच्या आसपास. मोठ्या भोकात लहान चावी डुगडुगते. पॉटचा दांडा आणि नॉब हेही जुळवून बघा. दाबून बसणाऱ्या नॉबला चिरलेला, दातेरी दांडा लागतो, बाजूने स्क्रू कसणाऱ्या नॉबला गुळगुळीत गोल. सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपला २५० के (किलोओहम) पॉट, हमबकरला, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला ५०० के. उलटं केलंत तर काही जळत नाही, पण आवाज एकात टोचतो आणि दुसऱ्यात गुदमरतो.

हे सगळं मोजायला व्हर्नियर कॅलिपर लागतो. मोटरच्या कामाला वापरतात तो साधा स्टीलचाही चालेल. शाळेच्या पट्टीने हे काम होत नाही.

कधी मागवायचं

दिवाळीनंतर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये आलेलं लाकूड खोक्यातून बाहेर काढल्यापासून पाणी पिऊ लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, रंगालाही हेच दिवस बरे. परदेशातून काही मागवणार असाल तर कस्टमची रक्कम वेगळी धरा, आणि वाडीच्या पत्त्याऐवजी तालुक्याच्या गावातल्या कोणाच्या तरी दुकानाचा पत्ता द्या. कुरियरवाला वाडीपर्यंत येत नाही, आणि फोन करतो तेव्हा नेमकी रेंज नसते. स्विच, जॅक, वायर, कपॅसिटर असलं किरकोळ सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटं मिळतं. कोणी मुंबईहून येणार असेल तर यादी त्याच्या हातात द्या.

समुद्राकाठी राहत असाल तर दोन गोष्टींवर पैसे जास्त टाका. भाजलेल्या मेपलची, म्हणजे रोस्टेड मेपलची नेक मिळाली तर घ्या, भाजलेलं लाकूड ओल कमी ओढतं. आणि सगळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. गिटारच्या पाकिटात येणारे चकचकीत क्रोमचे स्क्रू खाऱ्या वाऱ्यात पहिल्याच वर्षी डोक्यावर गंज धरतात. त्यांचे नमुने घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि त्याच मापाचे एसएसचे मागा.

पार्सल आल्यावर

लगेच जोडायला बसू नका. नेक आणि बॉडी आठ दिवस घरात, उन्हापासून आणि चुलीपासून लांब, आडवी ठेवा. घरच्या हवेशी लाकडाची ओळख होऊ द्या.

तेवढ्यात तपासणी. स्टीलची सरळ पट्टी फ्रेटबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) फळीवर, उभी धरून उजेडाकडे बघा. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईचा, कसायचा नट पाव फेरी इकडे, पाव तिकडे फिरतो का ते बघा. गच्च अडकला असेल तर नेक परत पाठवा, जोर करू नका. फ्रेटच्या टोकांवरून तळहात फिरवा. बॉडीच्या खळग्यात नेक हाताच्या दाबाने बसायला हवी आणि बॉडी उचलली तरी लगेच गळून पडायला नको. ठोकून बसवावी लागत असेल तर खळग्याच्या भिंतीवर १८० नंबरचा पॉलिश पेपर चार वेळा फिरवा आणि पुन्हा बघा.

पिकअपच्या दोन वायरींना मल्टीमीटर लावा. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवेल. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलेली आहे. पिकअप बसवून, तारा चढवून मग हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

तंगूस

या लेखातलं एकच प्रकरण नीट वाचायचं असेल तर हे वाचा.

माझ्या पहिल्या बॉडीवर ब्रिजच्या भोकांच्या खुणा विक्रेत्यानेच करून पाठवल्या होत्या, पेन्सिलीच्या बारीक फुल्या. मला वाटलं, एवढं काम वाचलं. ड्रिल लावला, पाच मिनिटांत ब्रिज बसला. नेक कसली, तारा चढवल्या. जाड ई तार (सगळ्यात जाड, सहावी) फ्रेटबोर्डच्या चांगली आत आणि बारीक ई तार (सगळ्यात बारीक, पहिली) कडेवर. बाराव्या फ्रेटच्या पुढे बोट जरा खाली ओढलं की तार फ्रेटवरून घसरून बाजूला पडायची. ब्रिज दोन मिलिमीटर बाजूला गेला होता. दोनच.

शेजारच्या मेस्त्रीकाकांकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “ह्यो बेंजोचो मोठो भाव काय रे?” म्हणजे मोठा भाऊ. मग भोकं पाहिली. म्हणाले, “भोक पाडूक दोन मिनटां, बुजवूक दोन दिस.” खरोखर दोन दिवस लागले. भोकं थोडी मोठी करून सागाच्या गोल खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, रात्रभर सुकू दिल्या, पटाशीने सपाट केल्या आणि दुसऱ्या दिवशी नव्याने आखणी.

ती आखणी अशी करायची. एकही भोक नसताना नेक खळग्यात ठेवा आणि क्लॅम्पने धरा, मध्ये कापड घाला. पहिला आणि सहावा ट्यूनर तात्पुरता बसवा. ब्रिज त्याच्या जागेवर नुसता ठेवा. आता मासे गरवायचं तंगूस घ्या, शिवणाचा दोरा नको, तो ढिला पडतो. जाड ई आणि बारीक ई या दोन तारांच्या जागी तंगूस ताणा: ट्यूनरपासून, नटच्या खाचेतून, ब्रिजच्या सॅडलवरून आणि मागे बॉडीच्या कडेला चिकटपट्टीने घट्ट. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही बाजूंना तंगूसापासून फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ४२ मिमीचा नट आणि ५४ मिमीचा ब्रिज असेल तर दोन्हीकडे साडेतीन मिमीच्या आसपास येईल. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. नसतील तर ब्रिज सरकवा, नेक खळग्यात केसभर हलत असेल तर तीही सरकवून बघा, आणि पुन्हा मोजा.

आडवं जुळलं की लांबी. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत अंतर घ्या. ६४८ च्या स्केलला ते ३२४ येतं. तेवढंच पुढे, बाराव्या फ्रेटपासून बारीक ई च्या सॅडलच्या माथ्यापर्यंत यायला हवं. ते मोजताना हे सॅडल त्याच्या स्क्रूवर जवळजवळ पुढच्या टोकाला आणून ठेवा, पुढे दोनतीन मिमी जागा सोडून. सूर जुळवताना सॅडल बहुतेक वेळा मागेच न्यावी लागतात, जाड तारांची तर तीनचार मिमी, म्हणून मागे जागा राखायची. ब्रिज उलट्या टोकाला बसवलात तर जाड ई कधीच सुरात येणार नाही.

हे सगळं झाल्यावर चहा प्या आणि पुन्हा एकदा मोजा. मग ब्रिजच्या भोकांमध्ये खिळ्याच्या टोकाने टिंब करा.

नेकची भोकं

आधी नेक, मग ब्रिज, हा क्रम. बॉडीतली चार भोकं साडेचार मिमीची, म्हणजे स्क्रू त्यातून सैल जायला हवा. स्क्रूचे आटे बॉडीच्या लाकडातही धरले तर नेक कितीही पिळा, मध्ये कागदभर फट राहते आणि गिटारचा दम तिथेच जातो. नेकमधलं भोक मात्र तीन मिमीचं.

खोलीचा हिशेब कागदावर करा. बॉडी ४५ मिमी जाड, खळगा १६, म्हणजे खळग्याखाली २९ मिमी लाकूड. मागची पत्र्याची प्लेट २ मिमी. स्क्रू ४५ मिमीचा असेल तर नेकमध्ये १४ मिमी शिरतो. नेकचं बूड फ्रेटबोर्डसकट साधारण २५ मिमी असतं. ड्रिल बिटवर टोकापासून १५ मिमीवर रंगीत चिकटपट्टीचं निशाण बांधा आणि निशाण लाकडाला टेकलं की थांबा. हे निशाण न बांधता फ्रेटबोर्डमधून बिट बाहेर काढलेला एक जण मला माहीत आहे. त्याने त्या जागी शिंपल्याचा गोल तुकडा बसवला आणि मुद्दाम केलंय असं सगळ्यांना सांगतो.

मेपल कडक असतं, कोरडा स्क्रू पिळला की डोकं तुटून हातात येतं. आटे मेणबत्तीवर घासून घ्या. मेस्त्री साबण वापरतात, मी वापरत नाही, साबण ओल धरतो आणि आतल्या आत स्क्रू गंजतो.

नेक कसल्यावर तंगूस पुन्हा ताणा. कसताना नेक थोडी फिरलेली असते. आता जे दिसतं तेच खरं, त्याप्रमाणे ब्रिज हलवा, आधीची टिंबं विसरा, आणि मग ब्रिजची भोकं पाडा. अॅम्पची वायर खुपसायच्या जॅकसाठी कडेला २२ मिमीचं भोक लागतं, ते बहुधा बॉडीला आधीच असतं.

रंग

सगळी भोकं पाडून झाल्यावर सगळं पुन्हा सुटं करा. रंग त्यानंतर.

मी पहिल्या वेळी ऑगस्टमध्ये लॅकर मारला. संध्याकाळी काचेसारखा दिसला, सकाळी त्यावर आंबोलीचं धुकं उतरलं होतं. कारण सरळ आहे: लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर जमते आणि आत अडकून पांढरी दिसते. पावसाळ्यात लॅकर नको म्हणजे नकोच. कोरड्या दिवसांतही सकाळी अकराच्या पुढे, दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात आणि उन्हं उतरायच्या आत शेवट.

नवख्याला मी लॅकरऐवजी तेल सुचवेन. बॉडी १२०, १८०, २४० आणि शेवटी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, नेहमी रेषांच्या दिशेने घासायची. मग उकळलेलं जवसाचं तेल कापडाने पातळ लावायचं, पंधरावीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं, एक दिवस सोडून पुन्हा. पाचसहा हात झाले की लाकूड आतून उजळतं. चुकलं तर पेपर मारून पुन्हा सुरू करता येतं. तेलाने पाण्यापासून फारसं संरक्षण मिळत नाही, हे मान्य. म्हणून नेक जर रंगाविना आली असेल तर तिला मात्र पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पातळ हात द्या. उघडं मेपल घाम पितं आणि काळं पडतं.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. अंगणात दोरीवर पसरून वाळवा.

नेकच्या खळग्यात तेल, रंग काहीही जाऊ देऊ नका, आधी चिकटपट्टी लावून घ्या. तिथे कोऱ्या लाकडाला कोरं लाकूड भिडायला हवं.

हेडस्टॉकवर, म्हणजे चाव्या बसतात त्या नेकच्या टोकावर, मोठ्या कंपनीचं स्टिकर लावायचा मोह होतो. लावू नका. स्वतःचं नाव लिहा, नाहीतर मोकळं ठेवा.

वायरिंग

टेलिकास्टरची वायरिंग आकृती कुठेही मिळते, ती छापून भिंतीला लावा. मी आकृतीत नसलेल्या गोष्टी सांगतो.

बेंजोवाल्याने शिकवलेली पहिली गोष्ट: आधी जागा तापव, मग तिला सोल्डर दाखव. सोल्डर वितळवून जागेवर थेंब टाकला तर तो दवबिंदूसारखा वर बसतो, धरत नाही. पॉटच्या पाठीला ग्राउंड जोडताना २५ वॅटचं आयर्न कमी पडतं, पत्रा उष्णता पिऊन टाकतो आणि तोवर आतला कार्बनचा पट्टा भाजतो. ६० वॅटचं घ्या, पॉटची पाठ पॉलिश पेपरने खरवडा, आणि दोनतीन सेकंदांत काम उरका.

कंट्रोलच्या खळग्याला तांब्याची चिकटपट्टी लावा, तुकडे एकमेकांवर चढवून. चिकटपट्टीच्या गोंदातून वीज जातेच असं नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका. मल्टीमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. मग ब्रिजखालून एक उघडी तार काढून ग्राउंडला जोडा. ही तार बहुतेक नवशिके विसरतात.

तारा चढवण्याआधी अॅम्प लावून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा. स्विच फिरवत जा. ज्या पिकअपचा आवाज यायला हवा त्याचाच येतो का बघा. ब्रिजला हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ग्राउंड बरोबर आहे. वाढली तर बहुधा जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. सिंगल कॉइलला थोडी गुणगुण राहणारच, आपल्या विजेचे ५० हर्ट्झ ते.

आता एक गंभीर गोष्ट. ब्रिजला ग्राउंड जोडलं म्हणजे तुमची बोटं तारांमधून अॅम्पच्या अर्थिंगला जोडली गेली. घरचं अर्थिंग बरोबर असेल तर उत्तम. जुन्या घरांत बोर्डला तिसरं भोक असतं पण त्यामागे काही नसतं. अशा ठिकाणी, किंवा मांडवात जनरेटरवर, एका हातात गिटार असताना ओठ माइकला लागले तर झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. अॅम्पची तिसरी पिन कधीही काढू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो, त्यात एप्रिल-मे मध्ये पाणी घालत राहा.

सेटअप

क्रम बदलू नका: ट्यूनिंग, नेकचा बाक, नट, तारांची उंची, सूर, पिकअपची उंची. मागचं हललं की पुढचं सगळं हलतं.

०९ किंवा १० च्या तारा (सगळ्यात बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची) चढवा, सुरात आणा, एक रात्र तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट मोजा. ०.२ ते ०.३ मिमी हवी. एवढं बारीक मोजायला फिलर गेज लागतो, तो मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला असतोच. मी अजून तोच मागून आणतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरीच, आणि मग तासभर वाट.

नटच्या खाचा: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढी फट राहावी. जास्त असेल तर खाच घासून खोल करावी लागते. घाई इथे महागात पडते, जास्त घासलं की नट बदलायचा. बाराव्या फ्रेटवर जाड ई ची उंची १.८ ते २ मिमी, बारीक ई ची दीड मिमी. त्याहून खाली जाऊन खरखर ऐकत बसण्यापेक्षा सुरुवातीला थोडी वर ठेवा.

मग सूर. बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, नंतर तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरलेला आला तर पुढे. प्रत्येक वेळी सॅडल हलवण्याआधी तार सैल करा. शेवटी पिकअप: शेवटच्या फ्रेटवर तार दाबली असता बारीक तारेखाली २ मिमी आणि जाड तारेखाली अडीच मिमीपासून सुरुवात करा आणि पुढे कानाचं ऐका. फार वर आणलात तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर लहरत राहतो.

पहिला पावसाळा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नेक हलते. कुठे हलेल ते लाकडावर आहे, पण हलते. घाबरून एकदम ट्रस रॉड फिरवू नका. पाऊस लागून दहापंधरा दिवस जाऊ द्या, मग फट मोजा आणि लागेल तेवढी दुरुस्त करा. किती फिरवलं आणि कोणत्या दिशेला, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. ऑक्टोबरमध्ये जवळपास तेवढंच उलट फिरवावं लागतं.

गिटार जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसात त्या भिंतीला ओल सुटते. माळ्यावरही नको. लाकडी कपाटात ठेवत असाल तर जुना कमी वॅटचा पिवळा बल्ब आत लावून ठेवायची आजीची युक्ती अजून चालते. एलईडी लावून उपयोग नाही, तो तापत नाही. बल्बपासून गिटार हातभर लांब हवी. केस असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा.

वाजवून झालं की तारा वरून आणि खालूनही सुक्या कापडाने पुसायच्या. कोटेड तारा महाग वाटतात, पण साध्या तारा आमच्याकडे श्रावण संपेपर्यंत काळ्या पडून खरखरीत होतात. सॅडलच्या बारीक स्क्रूंना महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, तोही सुईच्या टोकाने. पहिल्या गिटारवर मी हे केलं नाही. आज त्यातली दोन सॅडल वरही होत नाहीत आणि खालीही.